मुलाच्या कानात रुतलेले कानातले: घरी काय करावे आणि कुठे थांबावे

चवथीच्या आदल्या संध्याकाळी मी माझ्या अडीच वर्षांच्या मुलीच्या कानांत तिच्या आजीने बारशाला दिलेले सोन्याचे टॉप्स घातले, आणि पाच दिवसांनी गणपती पोचवून आल्यावर ते काढायला बसले. उजव्या कानातला सहज निघाला. डाव्या कानाची फिरकी मात्र सुटेना. पुढचे फूल धरून फिरवले की मागची फिरकीही त्याच्याबरोबर फिरायची, आणि मी तशीच वीस-पंचवीस मिनिटे प्रयत्न करत राहिले. मुलगी रडून रडून झोपली. सकाळी पाहते तो पाळी लाल होऊन फुगलेली आणि फिरकीची केवळ एक कड दिसत असलेली. आदल्या रात्री फिरकी पूर्ण वर होती; ती आत गेली ती मी केलेल्या ओढाताणीने आलेल्या सुजेमुळे, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले.

हा लेख त्यासाठीच लिहीत आहे. अडकलेले कानातले बहुतेक वेळा घरी निघते, परंतु ते निघण्याजोगे आहे की नाही हे ओळखण्याची आणि वेळीच हात आखडता घेण्याची माहिती आम्हा घरच्यांपैकी कोणालाच नव्हती. खालील क्रम मुद्दाम तसाच ठेवला आहे. कानातल्याला हात लावण्याआधी पहिल्या दोन पायऱ्या वाचून घ्याव्यात.

१. आधी पाळीची मागची बाजू पाहा

आपण सगळे पुढून पाहतो, कारण फूल पुढे असते. निर्णय मात्र मागच्या बाजूवर अवलंबून असतो. मुलाला उजेडात मांडीवर घ्या, केस वर बांधा, कान अलगद पुढे दुमडा आणि दुसऱ्या कोणाला तरी मोबाईलचा प्रकाश पाडून पाळीच्या मागचा जवळून फोटो काढायला सांगा. फोटो मोठा करून पाहिला की डोळ्यांना न दिसलेले पुष्कळ काही दिसते. मुलगी डोके हलवत असताना मला जी नुसती खपली वाटली होती, ती फोटोत खपलीखाली अर्धी बुडालेली फिरकी होती.

फोटोत तीन गोष्टी पाहायच्या. फिरकीचा पूर्ण घेर दिसतो का? फिरकी आणि कातडी यांच्यामध्ये थोडी तरी फट आहे का? आणि पुढचे फूल किंवा मणी पाळीच्या छिद्रात ओढला गेला आहे का? छोट्या मण्याचे कानातले पुढूनही आत जाऊ शकते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घेर पूर्ण दिसत असेल, फट असेल, फूल किंवा मणी छिद्रात ओढला गेलेला नसेल आणि कातडी निरोगी असेल, तर घरी प्रयत्न करण्यास हरकत नाही. तिन्हींपैकी एका जरी गोष्टीचे उत्तर वेगळे आले, तरी सरळ आठवी पायरी वाचावी.

हा फोटो जपून ठेवा. पुढे डॉक्टरांकडे जावे लागले, तर सूज वाढण्यापूर्वी कान कसा होता हे त्यांना त्यातून कळते.

२. घरी हात लावू नये अशी लक्षणे

फिरकी किंवा फूल कातडीखाली गेले असणे हे यातले सर्वांत मोठे लक्षण. कातडी त्यावर चढू लागली असेल, तर ओढल्याने ती फाटते आणि फिरकी आणखी खोल जाते. पाळीतून पू येत असेल, पाळी गरम आणि ताणलेली लागत असेल, लाली गालाकडे किंवा कानामागे पसरत असेल, मुलाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, कानामागची जागा सुजून कान पुढे आल्यासारखा दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मूल तीन-चार महिन्यांचे किंवा त्याहून लहान असेल आणि त्याला तापही असेल, तर अजिबात वाट पाहू नये.

कानाच्या वरच्या भागात, बुगडीच्या किंवा भिकबाळीच्या जागी घातलेल्या दागिन्याविषयी वेगळे सांगायला हवे. खालची पाळी मऊ असते, तिच्यात कूर्चा (लवचिक हाडासारखा भाग) नसते. वरचा भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिचे पोषण होते. तिथे पू झाला तर हे आवरण कूर्चेपासून सुटते, कूर्चा मरू लागते आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. म्हणून वरच्या भागातला दागिना अडकला असेल आणि तिथे लाली, सूज किंवा दुखणे असेल, तर घरगुती प्रयोग करण्यात एक दिवसही घालवू नये.

कान नुकतेच टोचलेले असतील, तर आणखी एक काळजी घ्यायची. टोचल्यापासून साधारण सहा ते आठ आठवडे छिद्र कच्चे असते. तिथे थोडी लाली आली, चिकट द्राव येऊ लागला आणि कानातले मोकळे हलत असेल, तर घाबरून ते लगेच काढून टाकू नये. छिद्राचे तोंड मिटून पू आत कोंडला जाण्याचा संभव असतो. काढावे की ठेवावे हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

३. हाताशी ठेवायचे साहित्य

मूल मांडीवर आल्यावर उठून काही आणायला जाणे जमत नाही, म्हणून पुढील वस्तू आधीच ताटात मांडून ठेवाव्यात: उकळून कोमट केलेले पाणी, मीठ, स्वच्छ गॉज किंवा पातळ धुतलेले सुती कापड, साबण, पेट्रोलियम जेली, दोन-तीन कापसाचे बोळे, बारीक टोकाचा चिमटा, नखे कापण्याची लहान कात्री, पातळ रबरी हातमोजे, कापडात गुंडाळलेला बर्फ, एक पांढरा टॉवेल आणि झाकणाची डबी. चिमटा आणि कात्री पाच-दहा मिनिटे पाण्यात उकळून घ्यावीत. पांढरा टॉवेल मांडीवर पसरायचा असतो, म्हणजे निसटलेली फिरकी दिसते. डबी निघालेले भाग ताबडतोब बंद करून ठेवण्यासाठी.

पक्कड या ताटात नाही, आणि ती घरात कोणी आणू लागल्यास परत ठेवायला सांगावी. पकडीची ताकद पाळीला सोसत नाही, तिने फिरकी चेपली तर आटे बिघडतात, आणि मुलाने मान झटकली तर ती कुठे लागेल याचा नेम नसतो. दाताने फिरकी सोडवण्याची जुनी सवयही मोडावी. तोंडातले जंतू थेट जखमेत जातात.

४. मुलाला धरण्याची तयारी

हे काम एकट्याने करू नये. एकाने मुलाला धरायचे, दुसऱ्याने कान पाहायचा. वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या बाळाला चादरीत हात आत घेऊन गुंडाळावे आणि आईने छातीशी धरावे. अंगावर पिणारे बाळ दूध पिताना पुष्कळ शांत राहते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर आडवे बसवून त्याचा बरा कान धरणाऱ्याच्या छातीला टेकवावा आणि एक हात त्याच्या कपाळावर ठेवावा. डोके स्थिर राहिले की निम्मे काम होते.

मुलाला “दुखणार नाही” असे सांगू नये. मी तसे सांगितले आणि पहिल्याच ओढीला ते खोटे ठरले. त्यानंतर तिने मला दोन दिवस कानाजवळ हात नेऊ दिला नाही. रुग्णालयातील परिचारिकेने तिला सांगितले, “बाय, आता थंड लागेल, मग थोडे दुखेल, आणि तू थांब म्हटलेस की मी थांबेन.” मुलीने दोनदा “थांब” म्हटले आणि दोन्ही वेळा ती खरोखरच थांबली. तिसऱ्यांदा मुलीने कान स्वतःहून पुढे केला.

झोपेत काढावे का, असे पुष्कळजणी विचारतात. झोपेत शेकणे, भिजवणे आणि पाहणे एवढेच करावे. ओढताना मूल दचकून जागे झाले तर मान वळते आणि पाळी फाटण्याची भीती असते.

५. भिजवणे आणि सूज उतरवणे

प्रथम हात साबणाने नीट धुवा. एक कप उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवा, त्यात गॉज भिजवून पिळा आणि पाळीच्या पुढून-मागून दहा मिनिटे धरून ठेवा. गॉज गार झाला की पुन्हा बुडवायचा. खपली मऊ होऊन आपोआप सुटते. ती नखाने खरवडू नये. आपल्याकडे बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालतात, हवेत दमटपणा आहे, पावसाळ्यात घाम सुकत नाही, त्यामुळे तेल, कोंडा आणि मळ यांचा राप फिरकीच्या आट्यांत बसतो. कित्येक ‘अडकलेली’ कानातली केवळ या भिजवण्यानेच मोकळी होतात.

पाळी थोडी फुगलेली असेल, तर भिजवून झाल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ पाच मिनिटे लावावा. बर्फ थेट कातडीला लावू नये. सुजलेला कान शेकावा की गार करावा याविषयी घरात मतभेद होतात. खपलीसाठी कोमट पाणी आणि सुजेसाठी गार, आणि या क्रमानेच, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

आता कानाच्या भोकात कापसाचा मोठा बोळा अलगद ठेवा, म्हणजे निसटलेला भाग आत पडणार नाही. बोळा आत कोंबायचा नाही. त्यानंतर दांडीवर, पाळीच्या दोन्ही बाजूंनी, किंचित पेट्रोलियम जेली लावा. ती बोटांना लागली की पकड सुटते, म्हणून जेली लावल्यावर बोटे पुसून हातमोजे घाला किंवा कोरड्या कापडाने पकडा.

हळद, चुना, तूप, खोबरेल तेल किंवा जखमेवर ओतायचे स्पिरिट यांपैकी काहीही लावू नये. हळदीने कातडी पिवळी होते आणि लाली किती पसरली आहे हे डॉक्टरांना कळत नाही. घरात पडून असलेले त्वचेचे मलमही वापरू नये. त्यांतील बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असते आणि त्याने जंतुसंसर्ग दबल्यासारखा वाटून आत वाढतो.

६. कानातल्याचा प्रकार ओळखून उघडणे

दुसऱ्या कानातले कानातले प्रथम काढून पाहा. त्यावरून अडकलेले कसे उघडते हे नेमके समजते.

आट्यांची फिरकी. सोन्याच्या टॉप्सना सहसा हीच असते. इथे माझी चूक झाली, म्हणून सविस्तर लिहिते. फूल फिरवून काही होत नाही. फूल एका हाताच्या चिमटीत घट्ट, स्थिर धरायचे आणि दुसऱ्या हाताने फक्त मागची फिरकी फिरवायची. कानाच्या मागून पाहिल्यावर ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, बाटलीचे झाकण उघडताना फिरवतो तशी, फिरते. डाव्या आणि उजव्या कानासाठी दिशा वेगळी नसते. गोंधळ होतो तो आपण पुढून पाहत फिरवतो म्हणून. प्रत्येक वेळी अर्धाच फेरा द्या आणि फिरकी मागे सरकली का ते पाहा. सरकत नसेल आणि दांडीही सोबत फिरत असेल, तर फूल नीट धरले गेलेले नाही किंवा आट्यांत काहीतरी गुंतले आहे. अशा वेळी जोर वाढवला की दांडी छिद्रात गरगर फिरून आतली कातडी सोलली जाते.

आट्यांत गुंतणारी वस्तू बहुधा केस असते. माझ्या मुलीच्या कानातून निघालेली फिरकी डॉक्टरांनी गॉजवर ठेवून मला दाखवली: एक लांब केस दांडीभोवती सात-आठ वेढे घेऊन बसला होता, आणि तेला-मळाने तो काळ्या शिवणाच्या दोऱ्यासारखा घट्ट झाला होता. तो केस तिचा नव्हता, माझा होता; तिला कुशीत घेऊन झोपवताना तो कधीतरी अडकला असावा. फोटोत दांडीभोवती काळी रेघ दिसली, तर चिमट्याच्या टोकाने केसाचे सुटे टोक शोधून उलगडावे. तो कातडीला टेकलेला नसेल तरच कात्रीने कापावा.

दाबाची फिरकी. टोचताना घातलेल्या बारीक खड्यांच्या टॉप्सना आणि पुष्कळ नकली दागिन्यांना अशी फिरकी असते. हिला आटे नसतात, म्हणून ती फिरवून उपयोग नाही. फूल स्थिर धरा आणि फिरकी किंचित डावी-उजवी हलवत दांडीच्या रेषेत सरळ मागे ओढा. दांडीच्या टोकाजवळ एक खाच असते. फिरकी तिथे येऊन थांबते आणि ‘अडकली’ असे वाटते. तिथे थोडा अधिक जोर लागतो, पण तो सरळ रेषेत हवा, वाकडा नको. फिरकीला दोन गुंडाळलेल्या कडा असतील, तर त्यांच्यात चिमट्याचे टोक घालून त्या अगदी थोड्या फाकवल्या की पकड सैल होते.

बाळी आणि तार. शेटांनी (सोनारांनी) टोचताना घातलेल्या सोन्याच्या तारेचे टोक पिळलेले किंवा कडीत अडकवलेले असते. टोक सापडले आणि कातडी निरोगी असली, तर पीळ उलट दिशेने अर्धा-अर्धा सोडवावा. तार उघडल्यावर तिचे धारदार किंवा वाकडे टोक छिद्रातून ओढू नये; गुळगुळीत बाजू छिद्रातून बाहेर येईल अशी ती फिरवून काढावी. हे काम अवघड वाटले तर ज्या शेटांनी कान टोचले त्यांच्याकडे जावे. त्यांच्याकडे बारीक हत्यारे असतात आणि तार किंवा रिंग कापण्याचा हातखंडा असतो. मात्र हे निरोगी कानापुरतेच खरे आहे. सूज, पू किंवा कातडीखाली गेलेला भाग असेल तर ते सोनाराचे काम नव्हे, आणि चांगले शेट स्वतःच तसे सांगतात.

७. थांबण्याची वेळ आधीच ठरवा

घड्याळ समोर ठेवा. मोबाईलमधील गजर लावला तरी चालेल. एका वेळी दहा मिनिटे आणि दिवसातून फार तर दोन प्रयत्न, मधे भिजवणे आणि तासभर विश्रांती. रक्त आले, मूल अनावर झाले, पाळी आधीपेक्षा फुगली, किंवा फिरकी मागे येण्याऐवजी आत जाताना दिसली, तर पहिल्याच प्रयत्नात थांबावे. “एवढ्या जवळ आले आहे, आणखी एकदा” हा विचार मनात येतो तीच थांबण्याची वेळ असते. माझ्या मुलीच्या पाळीला झालेली बहुतेक इजा त्या शेवटच्या दहा मिनिटांतली होती.

भाग सुटून हरवला तर खेळ म्हणून शोधू नये, गंभीरपणे शोधावा. मुले वस्तू तोंडात, नाकात, कानात घालतात. कानातले गिळले अशी शंका असेल, तर मूल वरून ठीक दिसत असले तरी रुग्णालयात दाखवावे. धातू क्ष-किरण चित्रात दिसतो आणि तो कुठे आहे हे कळते. एकाएकी खोकला, घरघर, श्वासाला त्रास किंवा लाळ गळणे सुरू झाले तर १०८ ला फोन करावा. उलटी करवू नये आणि तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये.

८. दवाखान्यात जाताना

कुठे जावे? बाळाचे नेहमीचे डॉक्टर उपलब्ध असतील, तर आधी त्यांना फोटो दाखवावा. फिरकी कातडीखाली असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा अपघात विभाग असलेले रुग्णालय गाठावे. आमच्या गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय आणि मडगावचे दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालय ही सरकारी ठिकाणे आहेत. फोंडा आणि चिखली येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. पेडणे, सत्तरी, काणकोण अशा तालुक्यांतील पालकांनी जवळच्या आरोग्य केंद्रात आधी दाखवले तर पुष्कळदा पुढचा प्रवास वाचतो, आणि पुढे पाठवलेच तर चिठ्ठी हातात असते. ताप आणि पसरती लाली नसेल तर सकाळच्या ओपीडीत जाणे सोयीचे. रविवारी किंवा सणाच्या सुट्टीला ओपीडी बंद असते, तेव्हा कॅज्युअल्टीत जावे लागते.

सोबत न्यायच्या गोष्टी:

- मुलाचे लसीकरणाचे कार्ड. धनुर्वाताची लस कधी झाली हे डॉक्टर हमखास विचारतात. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात ती ६, १० आणि १४ आठवड्यांना, नंतर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान आणि पुन्हा ५ ते ६ वर्षांच्या वयात येते.
- पालकाचे आधार कार्ड आणि मुलाचे असल्यास तेही.
- दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे (गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचे) कार्ड. एवढ्याशा कामाला ते बहुधा लागत नाही, पण दाखल करण्याची वेळ आली तर घरी परत धावावे लागू नये.
- जुने केसपेपर, चालू औषधांची नावे, कुठल्या औषधाची ॲलर्जी असल्यास तिची नोंद.
- मुलाचे अलीकडचे वजन. औषधाची मात्रा त्यावरच ठरते.
- पहिल्या पायरीत काढलेला फोटो आणि दुसऱ्या कानातले काढलेले कानातले, डबीत घालून.

ही शेवटची वस्तू मला कोणी सांगितली नव्हती. डॉक्टरांनी “याची जोडी आणली आहे का?” असे विचारले तेव्हा ती घरी देव्हाऱ्याजवळच्या वाटीत होती. जोडी पाहिली की फिरकी आट्यांची की दाबाची आणि दांडी किती लांब, हे आत न शोधताच कळते.

निघण्यापूर्वी आणि वाटेत मुलाला खायला देताना थोडा विचार करावा. क्वचित मुलाला झोपेचे औषध द्यावे लागते, आणि त्याआधी साधारणपणे जेवण व वरचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास बंद ठेवावे लागते. म्हणून शेवटचे काय आणि किती वाजता दिले ते लिहून ठेवा आणि पुढचे देण्याआधी फोन करून विचारा. लहान बाळाला मात्र मनाने तासन्तास उपाशी ठेवू नये.

दुखणे कमी करण्यासाठी पॅरासिटामॉल देता येते, परंतु इथे एक मोठी चूक होते. त्याचे सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते, त्यामुळे “गेल्या वेळी एक चमचा दिला होता” या हिशेबाने दुप्पट औषध जाऊ शकते. मात्रा एका वेळी दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम अशी मोजतात. बाटलीवरचा आकडा वाचून ती डॉक्टरांकडून किंवा फार्मसीतून पडताळून घ्यावी. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

प्रत्यक्षात काय करतात हे माहीत असले की भीती कमी होते. पाळीत बधिर करण्याचे इंजेक्शन देतात; ते झोंबते आणि मूल रडते, पण पुढचे काम त्यामुळेच शांतपणे होते. मग कानातले पुढून मागे हलके ढकलून फिरकी छिद्राच्या तोंडाशी आणतात आणि बारीक फोर्सेप्सने पकडतात. गरज पडली तर पाळीच्या मागच्या बाजूने अगदी लहान छेद घेतात, म्हणजे खूण पुढून दिसत नाही. टाका बहुधा लागत नाही. आमच्या मुलीची फिरकी स्टीलच्या ट्रेत टिंगकन पडली तेव्हा तिने रडता रडता विचारले, “फूल मोडलं?”

एक विनंती मात्र कुठेही गेलात तरी करा. हात लावण्याआधी विचारा: “बधिर करणार आहात का?” आम्ही प्रथम ज्या दवाखान्यात गेलो तिथे बधिर न करताच चिमट्याने दोनदा ओढून पाहिले गेले. तेव्हा मला नाही म्हणता आले नाही. कातडीखाली गेलेल्या फिरकीसाठी हे विचारण्याचा पालकाला पूर्ण हक्क आहे.

९. निघाल्यानंतरची काळजी

सर्व भाग मोजा: फूल, दांडी, फिरकी, आणि जोडलेला मणी किंवा खडा असल्यास तोही. एखादा कमी भरला तर तो पाळीत राहिला आहे असे समजून डॉक्टरांना सांगावे.

थोडे रक्त आले तर स्वच्छ गॉजने पाच ते दहा मिनिटे सतत दाबून धरावे. सारखे उचलून पाहू नये. दिवसातून दोनदा मिठाच्या कोमट पाण्याने पुसून कोरडे करावे. डॉक्टरांनी दिलेले मलम तेवढेच लावावे. जखम भरेपर्यंत त्या कानाला तेल नको, आणि समुद्रस्नान, झरीवरची आंघोळ किंवा तरणतलावही नको. अठ्ठेचाळीस तासांत लाली आणि दुखणे उतरणीला लागायला हवे. ते वाढले, ताप आला किंवा पू दिसला तर पुन्हा दाखवावे.

छिद्र मिटू नये म्हणून त्यात कडुनिंबाची काडी किंवा दोरा घालण्याचा सल्ला वडीलधाऱ्यांकडून मिळेल. तो प्रेमापोटी असतो, परंतु सुजलेल्या छिद्रात काहीही घालू नये. छिद्र मिटले तर मिटू द्यावे. पाळी पूर्ण बरी होऊन मऊ पडल्यावर, काही महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून व्रणाच्या बाजूला पुन्हा टोचता येते. घरात कोणाला जखमेवर जाड, उंच वण येण्याची प्रवृत्ती असेल, तर पुन्हा टोचण्याआधी ते आवर्जून सांगावे.

१०. पुन्हा घालताना

मुलासाठी कानातले घेताना आपण वजन आणि नक्षी पाहतो. दांडीची लांबी पाहणे त्याहून महत्त्वाचे आहे: फिरकी शेवटपर्यंत लावल्यावरही पाळी आणि फिरकी यांच्यात एक-दोन मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, कारण मूल वाढते तशी पाळीही जाड होते. बारशाला दिलेले टॉप्स अडीच वर्षांनी घालताना मी हे पाहिलेच नव्हते. फिरकी मोठ्या, चपट्या चकतीची असली तर ती सहजासहजी आत जात नाही. शेटांना सांगून जुन्या टॉप्सची फिरकी बदलून घेता येते. पाळीला खाज, पुरळ, ओलसरपणा वारंवार येत असेल तर कारण बहुधा धातूतील निकेल असते, आणि ते सोन्याच्या मुलाम्याखालीही असू शकते. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही, आणि मुलांची कानातली बहुधा त्याहून हलकीच असतात. त्यामुळे सोने किती कॅरेटचे आणि त्यात कोणता धातू मिसळला आहे, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे.

आमच्या घरी आता रविवारी न्हाऊ घातल्यावर, केस पुसून झाले की, दोन्ही पाळ्या पुढे दुमडून मागून पाहतो. फूल धरून कानातले पुढे-मागे थोडे सरकते का, फिरकीमागे केस गुंतला आहे का, दोन्ही फिरक्यांचा पूर्ण घेर दिसतो का, एवढेच पाहायचे असते. फूल सरकले नाही, तर त्याच वेळी, सूज नसताना आणि कान भिजून मऊ झालेला असताना, कानातले काढून ठेवते.